जवाईबापूंचा डबा आणि मलकापूरचं खोकं

आमचं घर नांदुऱ्यात, स्टेशनच्या रस्त्याला. पुढे बाबांचा फोटो स्टुडिओ, मागे आम्ही, आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अल्याड मायची शिलाई मशीन चालायची, पल्याड बाबांचं गिऱ्हाईक बसलेलं असायचं, आणि ही दोघं नवराबायको दिवसभर त्या पडद्याआडूनच बोलायची. बाबांना काम करताना तोंड मिटून राहणं जमतच नसे. पासपोर्टचा फोटो असला तरी आधी माणसाच्या घरादाराची चौकशी, मग फोटो. "इकडे पाहा, माह्याकडे पाहा. हाव, अस्सं." हे वाक्य ऐकू आलं की माय मशीन न थांबवता आतून विचारायची, "मीबी पाहू काय?" आणि बाबा म्हणायचे, "लाइनीत लाग." गिऱ्हाईक हसायचं, आणि त्या हसण्यातच बाबा बटण दाबायचे. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते दोघं भांडतात. तो धंद्याचा भाग होता हे फार उशिरा कळलं. अभ्यास करते असं सांगून मी पडद्याला टेकून बसायचे आणि परगावच्या माणसांच्या गोष्टी ऐकायचे. बारावीला मार्क का घसरले याचं खरं उत्तर तो पडदा आहे.

मायला उघडी वस्तू पाहवत नसे. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, इन्व्हर्टरला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला तर झालरीचा घागरा. ब्लाउजपीसचे जेवढे तुकडे उरायचे तेवढे घरातल्या यंत्रांच्या अंगावर चढायचे. बाबा म्हणायचे, "या घरात फक्त मीच उघडा फिरून राह्यलो." उन्हाळ्यात ते खरोखरच बनियनवर असायचे, कारण आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. कूलर घरघरायचा, त्याच्या वाळ्याचा ओला वास घरभर असायचा, आणि आम्ही सगळे त्या हवेच्या पट्ट्यात सरकून सरकून बसायचो.

बाबांचा खरा धंदा लग्नांचा. नांदुऱ्याहून वडनेर भोलजी, मलकापूर, आसपासची सगळी खेडी, कॅमेरा गळ्यात आणि ट्रायपॉड मोटरसायकलला आडवा बांधलेला. लग्नाच्या शूटिंगचे दोन प्रकार असतात हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. एक मिक्सिंग झालेलं, म्हणजे ज्यात गाणी टाकलेली असतात, नवरानवरी ढगात बसलेली असतात आणि त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत असतात. लोकांना हेच लागतं, ह्याचेच पैसे मिळतात. दुसरं कच्चं, म्हणजे कॅमेऱ्यानं दिवसभर जे पाहिलं ते जसंच्या तसं. बाकीचे शूटिंगवाले पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला की कच्चं पुसून टाकायचे. बाबा पुसत नसत. त्यांच्या हार्ड डिस्का पापडाच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, एकेक जुन्या मोज्यात घालून ठेवलेल्या असत. एका बाजूला उडदाचे पापड आणि दुसऱ्या बाजूला डिस्का, असे दोन डबे फळीवर शेजारी होते, आणि पाहुणे आले की चुकीचा डबा निघायचा.

कच्चं ठेवण्यामागे बाबांचा एक हिशोब होता. गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो नाही, हे दर वेळचं. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण पोरं त्यात स्वतःचेच फोटो काढायची, आणि फोन फुटला की तेही गेले. मग तेरवीच्या आधी मुलगा आमच्या स्टुडिओत यायचा. "भाऊ, आमच्या बुढ्याचा एखांदा चेहरा निघते काय तुमच्याजोळ?" मिक्सिंगमध्ये तो बुढा कधीच नसायचा, ढगात त्याला कोण बसवणार. पण कच्च्यात असायचा. पंगतीत वाढताना, मांडवाच्या खांबाला टेकून बिडी विझवताना, कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन उभा. बाबा तो क्षण थांबवायचे, चेहरा कापून मोठा करायचे, मागचा मांडव पुसून निळा रंग भरायचे. "मिक्सिंगमंधी नवरानवरी असते," ते म्हणायचे, "कच्च्यात गाव असते." आणि त्यांचा एक शब्द साऱ्या तालुक्यात ठाऊक होता, की आपल्याकडे शूट झालेलं माणूस हरवत नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. अधिक महिना, लग्नाला मुहूर्त नाहीत, म्हणजे बाबा घरी. महिना लागून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा वडनेरहून सोपानभाऊ आला. कपाशीचा शेतकरी, बाबांच्या वयाचाच, डोकं नुकतंच भादरलेलं. त्याची माय गेली होती. तेरवी पुढच्या आठवड्यात होती. बाबांनी त्याला पाणी दिलं, पंखा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाले, "तुह्या भावाच्या लग्नात बुढी हळदीले बसली होती, मले आठोते. थांब." त्यांनी डब्यातून मोजा काढला, मोज्यातून डिस्क काढली, कॉम्प्युटरला जोडली. डिस्क आतून टकटक करायला लागली. भिंतीतल्या पालीसारखा आवाज. बाबांनी वायर बदलली, मग दुसरी बदलली, डिस्क कानाशी धरली, थोडी गार होऊ दिली, पुन्हा जोडली. टकटक. सोपानभाऊलाच शेवटी वाईट वाटलं. "राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "माय माह्या ध्यानात हाये न." आणि टोपी घालून गेला. बाबा तसेच बसून राहिले. पडद्याआडून मायनं विचारलं, "च्या टाकू काय?" तर त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट कधी घडलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ताई आणि भाऊजी पुण्याहून आले. धोंड्याच्या महिन्यात जवायाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात दिवा ठेवून वाण द्यायचं, ही रीत. भाऊजी मूळचे आमच्याकडचेच, चिखलीच्या बाजूचे, पण पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरचं काम करून करून त्यांची बोली धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती. माणूस लाख. फक्त जवाई होते, आणि जवायाचा शब्द आमच्या घरात खाली पडू द्यायचा नसे. ते म्हणाले कूलर डावीकडे हवा, की बाबा कूलर डावीकडे ढकलायचे, मग दिवसभर आम्ही घामानं भिजलो तरी चालेल.

मायनं त्या दिवशी घातलेलं जेवण मला आज दुपारचं आठवावं तसं आठवतं. धोंडे, त्यांच्यावर तूप, आंब्याचा रस, भरल्या वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, तळणीच्या कुरड्या. जेवता जेवता बाबांनी डिस्क गेल्याचं सांगितलं. भाऊजींनी हात धुतले आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं. छोटा, काळा, चकचकीत डबा, समोर निळे दिवे. "बाबा, तुम्हाला घरचा सर्व्हर हवाय," ते म्हणाले. "हा तयार मिळतो. ह्यात दोन डिस्क बसतात आणि दोन्हीवर एकच गोष्ट लिहिली जाते. एक गेली तरी दुसरी शाबूत. आवाज नाही, वीज फार खात नाही, आणून लावला की झालं. मीच घेऊन देतो, माझ्याकडून भेट. जायच्या दिवशी ऑर्डर टाकतो." मी तो डबा पाहिला आणि खरं सांगते, माझा जीव त्याच्यावर बसला. पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरचीच लाइन घेतली होती मी, आणि असा डबा आमच्या स्टुडिओत असणं म्हणजे मैत्रिणींना बोलावून दाखवण्यासारखी वस्तू.

"फक्त एक आहे," भाऊजी म्हणाले. "दोनच खण आहेत, तेव्हा सगळं मावणार नाही. मिक्सिंग झालेलं ठेवू. कच्चं पुसायला लागेल, सगळं नाही तरी बरंचसं. तसंही ते कोण पाहतं?"

"हाव," बाबा म्हणाले. "बराबर हाये, जवाईबापू."

स्वयंपाकघरात मात्र माय आणि बाबा एकमेकांकडे पाहत उभे होते. पेच दुहेरी होता. जवायाला नाही म्हणायचं नाही, ही एक रीत. आणि जवायाकडून काही घ्यायचं नाही, पोरीच्या घरचं पाणीही मोजून प्यायचं, ही दुसरी. त्यातून धोंड्याचा महिना, ज्यात आपण द्यायचं आणि त्यानं घ्यायचं. "लोक तोंडात शेन घालतीन," माय पुटपुटली. "धोंड्यात जवायाचं घेतलं म्हनतीन." बाबा म्हणाले, "घेनं देनं जाऊ दे वो. पुसा म्हनतात, त्याचं काय करू?" हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला, आणि माझा त्या निळ्या दिव्यांवर बसलेला जीव तिथेच उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी बाबांना चटईवर बसवलं. जुन्या डिस्का कॉम्प्युटरला लावून उगाच फिरवू नका म्हणाले, नुसत्या वाटून ठेवा, उजवीकडे ठेवायच्या, डावीकडे पुसायच्या. बाबा आज्ञाधारकपणे बसले. एकेक मोजा उचलायचा, त्यावर टाक्यानं शिवलेलं गावाचं नाव वाचायचं (ते टाके मायचे) आणि आठवायचं. "हे निमगावचं. याच्यात तो बँडवाला हाये, ज्याची विहिरीत पिपाणी पडली होती." उजवीकडे. "हे खैऱ्याचं. याच्यात पंगतीत बैल शिरला होता." उजवीकडे. "याच्यात काही नाही. याच्यात नुस्ते लोक जेवून राह्यले." हातात बराच वेळ धरली आणि उजवीकडे. दुपारी भाऊजी झोपून उठले तेव्हा डावीकडे एकच डिस्क होती, आणि ती रिकामी होती.

मी बाबांना पडद्यामागे ओढलं. "बाबा, तयार डब्याले दोन खण हायेत. जुना कॉम्प्युटर घेतला, मोठ्या पेटीचा, तर त्यात चार-पाच डिस्का बसतात. त्याचाबी सर्व्हर होते. सिस्टिम फुकट मिळते. मी पाह्यलं व्हिडीओत."

"तुले येईन?"

"शिकीन."

"बिघडलं त?"

"मीच पाहीन न."

बाबांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं ते सहसा कॅमेऱ्यातूनच पाहायचे. मग पडदा बाजूला सारून मोठ्यानं म्हणाले, "जवाईबापू, आमी जरा मलकापूरले जाऊन येतो. तुमच्यासाठी आंबे पाहतो. नांदुऱ्यात काही चांगले नाही आले."

नांदुऱ्यात आंब्याचे ढीग लागले होते हे भाऊजींना ठाऊक नसणं शक्य नव्हतं, पण जवायालाही काही गोष्टी न कळल्यासारखं करावं लागतं.

मलकापूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रशीदचाचांचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. बाबांनी त्यांच्या दोन्ही पोरींच्या लग्नाचं शूटिंग केलेलं, त्यामुळे आधी चहा, मग पोरींची खुशाली, मग नातवांचे फोटो, मग कॉम्प्युटर. चाचांनी कोपऱ्यातून एक काळीकुट्ट पेटी ओढून काढली. कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याच्या हापिसातून आलेली, रुंद, जड, आत डिस्कांना भरपूर जागा. "ये देखो बेटी, लोहा है लोहा," ते म्हणाले आणि पेटीवर थाप मारली. थापेसरशी तिच्या जाळीतून पांढरा धूर निघाला. मी घाबरून मागे सरले. धूर नव्हता, रुई होती. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं उडणारा कापूस त्या पंख्यानं ओढून ओढून पेटीत भरून ठेवला होता. आम्ही झाकण उघडलं तर आत उशीचं पोट फाडल्यासारखं. चाचा जराही ओशाळले नाहीत. "उपरसे ये रुई फ्री," म्हणाले. पेटी स्वस्तात मिळाल्यानं वाचलेल्या पैशांत बाबांनी नव्या, मोठ्या डिस्का घेतल्या, आणि आठवणीनं आंबेही.

येताना हायवेवर पंक्चरच्या दुकानात थांबलो. पंक्चरवाल्यानं टायरमध्ये हवा भरायची नळी पेटीत सोडली आणि एवढा कापूस उडाला की आम्ही तिघंही पांढरे झालो. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून मिशीतली रुई काढत हसत होते. सोपानभाऊ रिकाम्या हातानं परत गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले. मी मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसले, आंब्याची पिशवी गळ्यात, आणि सारी वाट मनात घोकत होते की मीच पाहीन म्हणाले आहे, आता हे चाललं नाही तर तोंड कुठे लपवायचं.

घरी भाऊजींनी पेटी पाहिली. रात्रीच्या जेवणात एक धोंडा कमी खाल्ला. मायनं बाबांना डोळ्यांनी खुणावलं, कारण धोंड्याच्या महिन्यात जवाई रुसून गेला तर पुढच्या धोंड्यापर्यंत भावकी ते विसरत नाही. बाबा तूप वाढत म्हणाले, "जवाईबापू, तुमी म्हनले तेच करतो आपन. सर्व्हरच हाये. जरा अंगानं मोठा हाये, इतकंच."

भाऊजी मला म्हणाले, "वर्षा, वीज खाईल हा. आवाज करेल. आणि पुण्याहून मी रिपेअरला येणार नाही."

"माहीत हाये," मी म्हटलं.

"मग चल, पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं त्या खोक्याला भिडलो. मायनं आधी जरा कुरकुर केली, जवायाला कामाला लावलं म्हणून, मग स्वतःच निवाडा दिला की वस्तू घ्यायची नसते, हातभार घेतला तर चालतो. स्क्रू कसे पिळायचे, कोणती वायर कुठे जाते, सिस्टिम कशी चढवायची, हे भाऊजींनी मला शिकवलं ते आजवर पुरलं आहे. माणूस तयार डब्याच्या बाजूचा होता, पण एकदा खोकं हातात घेतल्यावर त्यानं अर्धवट काम केलं नाही. दुपारपर्यंत खोकं सुरू झालं. एकेक मोजा रिकामा होऊ लागला, बाबांची लग्नं आत जाऊ लागली, प्रत्येक लग्न दोन-दोन डिस्कांवर. भाऊजींचा काळ्या डब्याची ऑर्डर टाकायचा बेत अजून कायम होता. "तीन दिवस न थांबता चालू दे," ते म्हणाले, "मग बोलू." म्हणजे परीक्षाच होती.

दुसऱ्या दुपारी खोकं बंद पडलं. एकाएकी, चिर्र आवाज करून. मी सुरू केलं, ते थोडा वेळ चाललं आणि पुन्हा चिर्र. बाबा दारात येऊन उभे राहिले. मी वायरी पाहिल्या, वीज पाहिली. खोक्याच्या अंगावर नवंकोरं, लाल काठाचं, चारही बाजूंनी झालर लावलेलं कव्हर होतं. मायनं सकाळी शिवलं होतं, आत पुन्हा कापूस जाऊ नये म्हणून, आणि गळ्याशी नाडीनं घट्ट बांधलं होतं. पोळ्याच्या बैलाला झूल घालतात तसं ते सजलं होतं. मी हात लावला तर पेटी तव्यासारखी तापलेली. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांना सकाळीच कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण सकाळी सासूबाईंनी विचारलं होतं, "कसं झालं कव्हर?" आणि जवाई बोलून गेला होता, "फार सुरेख झालंय." आता तो कोणत्या तोंडानं सांगणार?

मी नाडी सोडली. माय म्हणाली, "काऊन काढून राह्यली? धूळ जाईन न."

"माय, त्याले श्वास घ्यायले जागा नाही."

मायनं कात्री घेतली आणि पंख्याच्या जागी गोल भोक पाडून त्याला वरून लेस लावून दिली. कूलर खोक्याकडे वळवला. म्हणजे त्या आठवड्यात आमच्या घरात कूलरचे मानकरी दोन झाले, जवाई आणि खोकं, आणि खोक्याची बाजू जरा जास्त गार होती.

तिसऱ्या दिवशी सगळं आत गेलं. बाबा स्टुलावर बसले. "वर्षे, वडनेरची जेवढी लग्नं हायेत तेवढी काढ बरं." आतापर्यंत एक लग्न पाहायचं तर मोजे धुंडाळायला लागायचे, आता वडनेरची सगळी लग्नं एकाखाली एक समोर आली. सोपानच्या भावाचं लग्न गेलं होतं ते गेलंच होतं. पण खेड्यात लग्न कुणाचंही असो, मांडवात गाव तेच असतं, हे बाबांनी हेरलं होतं. आम्ही दुसऱ्यांची लग्नं पाहायला बसलो. बाबा, मी, मागे भाऊजी मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्यावर त्या काळ्या डब्याचं पान उघडलेलं. पंगती पाहिल्या, वराती पाहिल्या, रुसलेले व्याही पाहिले. भाऊजी एका लग्नात स्वतःच्या मावशीला ओळखून मोठ्यानं हसले.

मग एका मांडवामागच्या चुलीजवळ ती दिसली. हिरवं लुगडं, हातात उलथणं, समोर पुऱ्यांची कढई. कॅमेरा जवळ गेला तशी तिनं उलथणं उगारलं. "मले नोको काढू रे बाप्पा, मी काय नवरी हाये?" आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "माय, इकडे पाह्य, माह्याकडे पाह्य. एकडाव." ती रागानं पाहायला गेली आणि तिला हसू फुटलं. दात पडलेलं, पूर्ण तोंडभर हसू. "हाव, अस्सं," आवाज म्हणाला.

बाबांनी चित्र थांबवलं. "हेच सोपानची माय," ते म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसायला लागले, पण चष्मा डोळ्यांवरून काढायचं विसरले.

मागे लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला. भाऊजी स्टुलाजवळ आले. त्या बुढीकडे पाहून म्हणाले, "बाबा, याच्यातलं काही पुसू नोका. एकबी नोको." पुण्यात गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'नोको' आम्ही ऐकलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी कमी खाल्लेला धोंडा वसूल केला, वर अजून एक घेतला, आणि बाबा त्यांच्या ताटात तूप ओतत असताना माझा मोबाइल ओढून त्यांनी बाबांचाच एक फोटो काढला. बाबांच्या एका हातात तुपाची वाटी, दुसऱ्यात खाऊन अर्धा झालेला धोंडा आणि तोंड बोलता बोलता उघडं. बाबांना तो अजिबात आवडला नाही. म्हणाले, फोकस हुकला.

सोपानभाऊच्या मायचा फोटो तेरवीच्या आदल्या दिवशी वडनेरला पोचला. बाबा स्वतः देऊन आले. त्यांनी मागचा मांडव पुसला नव्हता, उलथणंही ठेवलं होतं. सोपानभाऊनं तो हातात घेतला आणि म्हणाला, "अशीच हाणे मले," आणि मग रडला, असं बाबांनी पडद्याआडून मायला सांगितलं.

पुढे बाबांसोबत लग्नाला मी जायला लागले आणि स्टुडिओ माझ्या हाती आला, ती निराळी कथा. खोकं बदललं, त्यातल्या डिस्का बदलल्या, पण आतलं तेच आहे, एकातून दुसऱ्यात ओतत आणलेलं. तयार डबेही आता खूप मोठे मिळतात आणि मी गिऱ्हाइकांना तेच घ्या म्हणते, कारण सगळ्यांच्या घरी बिघडलं तर मीच पाहीन म्हणणारी पोट्टी नसते. माय आता थकली आहे. अजून ब्लाउज शिवते, आणि दर नव्या खोक्याला कव्हर करते, पंख्याचं भोक आधी पाडून.

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो सापडेना. साऱ्या तालुक्याचे चेहरे जपणारा माणूस स्वतः कधी चौकटीत आला नव्हता. शेवटी भाऊजींनी काढलेला तोच लावला, धोंड्याचा, फोकस हुकलेला. येणारे जाणारे दुखवट्याला येऊन त्या फोटोखाली हसायचे, आणि आम्हाला ते बरं वाटायचं.

त्याच पावसाळ्यात खैऱ्याचा एक मुलगा आजोबांचा चेहरा शोधायला आला. मी खोक्यातून त्यांच्या घरच्या लग्नाचं कच्चं काढलं. मिक्सिंगमध्ये सगळीकडे गाणी आहेत, कच्च्यात गाणी नाहीत, त्या वेळचे खरे आवाज आहेत, हे मला अर्थातच माहीत होतं, पण स्पीकर चालू आहे हे ध्यानात नव्हतं. पंगत दिसली, एक म्हातारा पानावरून मान वर करत होता, आणि स्टुडिओत बाबांचा आवाज भरला. "इकडे पाहा. माह्याकडे पाहा."

पडद्याआड शिलाई मशीन थांबली. मी आवाज बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात आतून मायनं विचारलं, नेहमीच्याच सुरात, "मीबी पाहू काय?"

माझा हात तिथेच राहिला.

"हाव," बाबा म्हणाले. "अस्सं."